इंग्रजी आडनावाचा माग काढणाऱ्या साइट्स: बेळगावकडून पाहिलेलं परीक्षण

बेळगाव-धारवाड पट्ट्यात इंग्रजी आडनावं पावलोपावली भेटतात. कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत भेटतात, चर्चच्या भिंतीवरच्या पितळी पाट्यांवर भेटतात, कित्तूरच्या इतिहासात तर हमखास. हे आडनाव मूळचं कुठलं आणि इंग्लंडात कुठे जास्त आढळतं, असं कुणी विचारलं की बहुतेक जण गूगलवर पहिली दिसेल ती साइट उघडतात. तिथे चार ओळींचा अर्थ, एक रंगीत नकाशा आणि शेजारी घराण्याचं मानचिन्ह छापलेला चहाचा मग विकायला ठेवलेला असतो. यातलं खरं किती, हे तपासायला एकच आडनाव घेऊन निरनिराळ्या साइट्स पडताळून बघणं बरं. आम्ही घेतलं आहे 'थॅकरे'. ते दुर्मीळ आहे, त्याचा उगम अभ्यासकांनी पक्का केलेला आहे आणि त्याचा एक धागा थेट बेळगाव जिल्ह्यात येतो. उत्तर आधीच ठाऊक असलं की कोणती साइट बरोबर सांगते आणि कोणती ठोकून देते, ते लगेच कळतं.

आधी ते उत्तर. थॅकरे, थॅकरी, थॅकरा ही सगळी एकाच मुळाची रूपं. इंग्लंडात यॉर्कशरचा पश्चिम भाग आहे, वेस्ट रायडिंग. तिथे वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत 'थॅकरे' नावाची वस्ती होती. नाव जुन्या नॉर्स भाषेतलं: 'थाक' म्हणजे छपराला लागणारं गवत किंवा वेत, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, बेचका. आज ती जागा फ्यूस्टन जलाशयाखाली आहे. लीड्स शहराच्या पाण्यासाठी बांधलेला हा जलाशय १८७९ साली पुरा झाला. तिथून जवळच्याच हँप्सथ्वेट गावातलं एक थॅकरे कुटुंब पुढे वर आलं. त्यातला टॉमस थॅकरे हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्याचा धाकटा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला गेला आणि त्याच्या मुलांपैकी बरेच जण हिंदुस्थानातच नोकरीला लागले. त्यांतला सेंट जॉन थॅकरे धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट होता. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी तो कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारला गेला. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार थॅकरे हा त्याचा पुतण्या, जन्म कलकत्त्याचा, १८११ सालचा.

आता साइट्स.

पहिली नकाशावाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी केलेली 'जीबी नेम्स' ही साइट फुकट आहे. आडनाव टाकलं की एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपासून अलीकडच्या काळापर्यंत ते ब्रिटनमध्ये कुठे दाट होतं, ते वर्षावार दाखवते. पैसे न मोजता मिळणाऱ्या नकाशांत आमच्या मते हा सर्वांत भरवशाचा, कारण आकडे मोजणीतून आलेले आहेत. पण नकाशा वाचायची एक रीत आहे. नवा नकाशा आधी बघू नका. रेल्वे आणि गिरण्या आल्यावर माणसं लीड्स, ब्रॅडफर्ड, लंडनकडे सरकली, त्यामुळे आजचा नकाशा नोकरीचा पत्ता सांगतो, मूळ गावाचा नव्हे. आधी मिळेल तितकं जुनं वर्ष उघडा, मग १८८१, आणि सगळ्यात शेवटी आजचं. एकाच जागेवरून निघालेलं आडनाव असेल तर १८८१ मध्येसुद्धा ते त्या जागेच्या आसपास गोळा झालेलं दिसतं. थॅकरेचं तसंच होतं, वेस्ट रायडिंगवर डाग गडद पडतो. एखादं आडनाव तीन-चार लांबलांबच्या ठिकाणी सारखंच दाट दिसलं, तर ते त्या त्या ठिकाणी स्वतंत्रपणे निपजलं असण्याची शक्यता मोठी.

एक घोळ इथे हमखास होतो. डाग जिथे सर्वांत गडद, तेच मूळ गाव, असं लोक धरून चालतात. आपल्याकडे येळ्ळूरकर, कडोलकर, सांबरेकर, मुतगेकर ही आडनावं शोधायची तर येळ्ळूर, कडोली, सांबरा, मुतगा सोडून बेळगाव शहरात बघावं लागतं. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून ओळखायची कुणाला गरज? गाव सोडून बाहेर गेलेल्याला ते चिकटतं. इंग्लंडातली ठिकाणवाचक आडनावंही बहुतांशी अशीच बनली. म्हणून गडद डागाच्या मधोमध न बघता त्याच्या भोवतीच्या दहा-वीस मैलांत त्या नावाची वस्ती, शेत, ओढा, वाडी शोधायची. जुने सहा इंची (मैलाला सहा इंच) सर्व्हे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात, आणि तिथे इंग्लंडचेही आहेत. अगदी एकट्या शेतवाडीचं नावसुद्धा सापडतं. जीबी नेम्सला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला, कारण फार विरळ आडनावात एखादं मोठं कुटुंबसुद्धा नकाशावर ठळक डाग उठवू शकतं आणि नवखा माणूस त्यालाच उगम समजतो.

'फॉरबेअर्स' ही दुसरी लोकप्रिय साइट. जगभरातल्या देशांत कोणतं आडनाव किती, याचा अंदाज ती देते आणि मोबाइलवर झटकन उघडते. झटपट नजर टाकायला ठीक, पण आकडा अंदाजी आहे हे विसरू नये. थॅकरेच्या बाबतीत तर दुसरीच गंमत. अशा मोजणीत स्पेलिंग सारखं तेवढं एकत्र येतं, त्यामुळे आपल्याकडची ठाकरे मंडळी इंग्रजीत तेच स्पेलिंग लिहीत असतील तर यॉर्कशरच्या थॅकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी त्या इंग्रज कादंबरीकाराच्या आवडीपोटी हे स्पेलिंग घेतलं, असं सांगतात. म्हणजे महाराष्ट्रात हे आडनाव दिसलं म्हणून तिथे ब्रिटिश वंशज राहिले, असा निष्कर्ष काढला तर पूर्ण चुकला. जगाचा नकाशा बघताना भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज हे भाग बाजूला ठेवून आधी फक्त ब्रिटन बघावं. पाचपैकी अडीच.

अर्थासाठी कुठे जावं? २०१६ साली ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडी कोश काढला, त्यात पंचेचाळीस हजारांहून अधिक आडनावं आहेत. जुन्या कागदपत्रांतली रूपं सालवार दिलेली असतात, हा त्याचा खरा गुण. किंमत घरी घेण्यासारखी नाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ऑनलाइन बघायला मिळाला तर बघावा. आणि कोणत्याही साइटवरचा अर्थ वाचताना एकच कसोटी लावा: सर्वांत जुनी नोंद कोणत्या सालची, कोणत्या गावातली, कोणत्या कागदातली, हे दिलंय का? दिलं नसेल तर 'शूर योद्धा', 'टेकडीवरचा राजा' असले अर्थ सरळ सोडून द्यावेत.

खरं काम सुरू होतं ते नोंदणीच्या सूचीपासून. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. 'फ्रीबीएमडी' ही स्वयंसेवकांनी चालवलेली साइट त्या सूच्या फुकट शोधू देते. दुर्मीळ आडनावासाठी याहून चांगलं हत्यार नाही, कारण एका शोधात सगळ्याच नोंदी समोर येतात. करायचं असं: आडनावाच्या जागी 'टी-एच-ए-सी-के' एवढीच अक्षरं टाकून पुढे तारेचं चिन्ह (*) द्या. नोंदीचा प्रकार 'मृत्यू' निवडा, साल १८३७ ते १८५०. जन्म सोडून मृत्यू का? १८४० साली ऐंशीव्या वर्षी वारलेला माणूस १७६० च्या सुमारास जन्मलेला असतो, त्यामुळे मृत्यूंची सूची गिरण्या वाढण्याच्या आधीची वस्ती जास्त नीट दाखवते. शिवाय जन्मसूचीत एकाच जोडप्याची आठ-दहा मुलं येऊन आकडा फुगतो. आलेल्या नोंदी नोंदणी-जिल्ह्यानुसार मोजा आणि कागदावर मांडा. साध्या वहीत अर्ध्या तासात घरचा नकाशा तयार होतो. तारेच्या चिन्हाने थॅकर, थॅकवेल अशी नात्यातली नसलेली आडनावंही येतात, ती हाताने वेगळी काढावी लागतात.

यात अडकायला होतं ते दोन-तीन ठिकाणी. सूची तिमाहीची आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. जन्म नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुभा असे, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडतं आणि माणूस वर्ष चुकलं म्हणून शोध सोडून देतो. दुसरं, नोंदणी-जिल्हा म्हणजे गाव नव्हे, त्यात अनेक गावं येतात. नोंदीपुढे दिलेला सूचीच्या खंडाचा क्रमांक कामाला येतो: १८५२ पासून ९ ने सुरू होणारा खंड यॉर्कशरचा. तिसरं, फ्रीबीएमडीच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळतं. त्याआधीचं हवं तर सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीकडे जावं. तिथे मोफत खातं काढलं की १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं आडनाव आणि मृत्यूंना वय मिळतं. तिथली अडचण अशी, की एका वेळी दिलेल्या सालाच्या मागेपुढे दोनच वर्षं शोधता येतात आणि जन्माच्या शोधात मुलगा की मुलगी हे सांगावंच लागतं. म्हणून आधी फ्रीबीएमडीवर ढोबळ जाळं टाकायचं आणि मग तिकडे नेमकं गाठायचं. फ्रीबीएमडीला पाचपैकी पाच द्यायला हरकत नाही.

बेळगावात जन्मलेलं किंवा वारलेलं माणूस या सूचीत नसतं. ते शोधायचे कागद वेगळे. कंपनीचे पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला इलाख्याच्या ठिकाणी पाठवत, तिथून त्या लंडनला जात. मद्रासच्या नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून आहेत, मूळ संच ब्रिटिश लायब्ररीत. त्यांची सूची 'फॅमिलीसर्च'वर मोफत खातं काढून बघता येते. मूळ पानाची प्रतिमा हवी असेल तर 'फाइंडमायपास्ट'वर आहे, तिथे शोधणं फुकट पण पान उघडायला वर्गणी. 'फिबिस' म्हणजे ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांच्या अभ्यासाची संस्था, १९९८ सालची. तिचा डेटाबेस सभासद न होताही शोधता येतो, आणि तिच्या विकीवर छावण्या, पलटणी, रेल्वे कंपन्या यांची माहिती आहे. आमच्या भागासाठी या तिघांत पहिली पसंती फिबिसला, कारण कबरींचे लेख, वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्ता असं इतर ठिकाणी विखुरलेलं साहित्य तिथे एका शोधात येतं.

थॅकरेचीच नोंद काढायला गेलं तर या साइट्सवर काय काय आडवं येतं बघा. शाळेच्या पुस्तकांमुळे आपण 'जॉन थॅकरे' शोधतो. त्याचं नाव 'सेंट जॉन', एकत्र, आणि इंग्रज त्याचा उच्चार 'सिंजन' असा करतात. सूचीत ते 'एस-टी', पूर्ण 'सेंट' किंवा नुसतं 'जॉन' अशा तिन्ही तऱ्हांनी पडलेलं असू शकतं. म्हणून नावाची चौकट कोरी ठेवावी, फक्त आडनाव आणि १८२४ साल टाकावं. दुसरं, ठिकाणाचं स्पेलिंग. 'बेलागावी' टाकलं तर काहीच येणार नाही, ते अधिकृत नाव २०१४ चं. जुन्या कागदांत बेळगाव 'बेलगाम', धारवाडच्या शेवटी 'डी' नसून 'आर', आणि कित्तूरला दोनदा 'ओ'. तिसरं, आणि सर्वांत जास्त लोक इथे फसतात: हा मुलूख मुंबई इलाख्याचा म्हणून फक्त मुंबईचा संच चाळतात. सेंट जॉन थॅकरे मद्रास मुलकी सेवेतला होता. त्याच्या हाताखालचा वॉल्टर एलियट, जो कित्तूरला स्टीव्हन्सन या सहकाऱ्याबरोबर कैद झाला, तोही मद्रासचाच. १८२०-३० च्या दरम्यानची नोंद असेल तर दोन्ही संच बघितल्याशिवाय 'नाही' म्हणू नये. आणि नकलेची नकल म्हटली की चूक आलीच: त्या काळच्या हस्ताक्षरात मोठा 'टी', 'एफ' आणि 'जे' सारखे दिसतात. आडनाव सापडलं नाही तर पहिलं अक्षर बदलून बघा.

एलियटचं नाव निघालंच आहे तर स्पेलिंगचंही सांगून टाकू. या आडनावात एक 'एल' की दोन, एक 'टी' की दोन, यावरून घराणं ओळखायचा जुना चार ओळींचा श्लोकच त्यांच्यात आहे. दोन 'एल' आणि एक 'टी' म्हणजे मिंटो आणि वुल्फली या शाखांचे. कित्तूरला कैद झालेला एलियट वुल्फलीचाच आणि तो तसंच लिहीत असे. पण कारकुनाला श्लोक ठाऊक नसतो. नोंदीत चारही रूपं येतात, चारही शोधावी लागतात. हे आडनाव स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरचं, आणि सीमाभागातल्या माणसाचे कागद दोन राज्यांच्या दोन दप्तरांत विभागलेले असतात, हे बेळगावकराला वेगळं समजवायला नको. स्कॉटलंडची नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची आणि तिची सरकारी साइट 'स्कॉटलंड्सपीपल' स्वतंत्र आहे. मूळ पान बघायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात, पण प्रतिमा स्वच्छ मिळते. फ्रीबीएमडीवर स्कॉटिश नोंद शोधत बसणं म्हणजे वेळेची माती. आयर्लंडचं तर आणखी अवघड, १९२२ साली डब्लिनच्या दप्तराला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद गेले.

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लष्करी कबरीचा दगड असेल तर यातलं काहीच न करता थेट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट उघडा. फुकट आहे, पलटण आणि तारीख मिळते, बऱ्याचदा आईवडिलांचं नाव-गावही मिळतं. आणि परेरा, डिसोझा, फर्नांडिस अशी आडनावं कॅम्पात आणि खानापूरकडे भरपूर दिसतील. ती गोव्याकडची, पोर्तुगीज वळणाची. ब्रिटिश साइट्सवर त्यांचा उगम शोधू नये.

दगड वाचतानाच चूक झाली तर पुढचं सगळं वाया. भर दुपारचं ऊन अक्षरं सपाट करतं. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जावं, म्हणजे कोरलेल्या कडांची सावली पडते. दगड सावलीत असेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरावा. खडू, पीठ, राख चोळू नये, तारेचा ब्रश तर मुळीच नाही, त्याने अक्षरंच झिजतात. फार तर साध्या पाण्याचा फवारा. अगदी तळाशी दगड घडवणाऱ्याचं नाव असतं, ते मृताचं समजून लिहून घेणारे कमी नाहीत. वय, पलटण आणि 'कुणी उभारला' ती ओळ पूर्ण टिपावी. दगड मित्रांनी किंवा पलटणीने उभारला असेल तर आडनावाच्या स्पेलिंगवर फार विसंबू नये, कारण सांगणारा घरचा नव्हता. आत जाण्याआधी चर्चची किंवा देखरेख करणाऱ्यांची परवानगी घ्यावी.

पैशांबद्दल थोडं. वर्गणीवाल्या साइट्स पौंडांत पैसे घेतात. २०२० पासून आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतो, बँकेच्या ॲपमधून तो चालू करावा लागतो आणि बँक वर चलनबदलाचं शुल्क लावते. एक महिन्याची वर्गणी घ्यायची, सगळी यादी आधी फुकटच्या सूच्यांवरून तयार ठेवायची, आणि पैसे भरल्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करायचं. वर्षाची वर्गणी एका आडनावासाठी परवडत नाही.

घराण्याचं मानचिन्ह, चौकटीतलं 'आडनाव प्रमाणपत्र', चहाचे मग, टी-शर्ट विकणारे अनेक आहेत. त्यांना शून्य. इंग्लंडात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. सेंट जॉनचं आडनाव आणि लीड्समधल्या एखाद्या विणकराचं आडनाव एकच असलं तरी विणकराला सेंट जॉनच्या घराण्याचं मानचिन्ह लावायचा हक्क नाही. लीड्समध्ये हे आडनाव भरपूर आहे, तिथलं वैद्यकीय संग्रहालयच थॅकरे नावाचं आहे, आणि कामगारांच्या रोगांवर सर्वांत आधी लिहिणाऱ्यांपैकी एक डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा तिथलाच. एकाच खोऱ्यातून निघालेलं नाव एका शहरात तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. प्रमाणपत्रावर यातलं काही नसतं.

सर्वांत शेवटी 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज'. १९७९ पासूनची संस्था, तिचा एकेक सभासद एकेक आडनाव धरून बसलेला असतो: जगभरातली प्रत्येक नोंद, प्रत्येक स्पेलिंग. आपलं आडनाव कुणी घेतलंय का, हे साइटवर फुकट कळतं आणि तिथूनच त्या माणसाला निरोप धाडता येतो. बाकी साइट्सवर आपण मागतच असतो. इथे आपल्याकडे देण्यासारखं काही असतं, कारण बेळगावातल्या दगडाचा फोटो तिकडे कुणी पाहिलेला असेलच असं नाही. नुसतं 'या आडनावाची माहिती पाठवा' असं लिहिलं तर उत्तर यायला वेळ लागतो. पहिल्याच ओळीत दगडावरचा मजकूर जसाच्या तसा, मधल्या ओळींच्या तुटकीसकट द्यावा, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकावं, ठिकाणाचं जुनं आणि नवं दोन्ही नाव लिहावं, समोरून एक आणि तिरप्या उजेडात एक असे दोन फोटो जोडावेत, आणि मग एकच नेमका प्रश्न विचारावा.